वेबकॅमचे अ‍ॅप मधेच बंद पडते तेव्हा

मे महिन्याच्या उन्हात महाल भागातून बर्डीच्या बाजारात जायचे, नवा वेबकॅम विकत आणायचा, घरी येऊन तो जोडायचा आणि अ‍ॅप पुन्हा पूर्वीसारखेच बंद पडताना पाहायचे, हा अनुभव नागपुरात अनेकांच्या वाट्याला आलेला मी पाहिला आहे. पैसे जातात, दुपार जाते आणि दोष मात्र जिथल्या तिथे राहतो. ओळखीच्या लोकांचे घरचे संगणक पाहून देण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आलो आहे. घरून शिकवणी घेणाऱ्या शिक्षिका, रविवारी सकाळी परदेशातल्या नातवंडांशी बोलणारे आजी-आजोबा, ऑनलाइन मुलाखत तोंडावर आलेले विद्यार्थी, या सर्वांची तक्रार एकाच वाक्यात येते: ‘कॅमेरा सुरू केला की अ‍ॅप बंद पडते.’ या एका वाक्याच्या पोटात दहा निरनिराळे दोष असू शकतात आणि त्यांतल्या बहुतेकांसाठी नवा कॅमेरा घ्यावा लागत नाही. ज्यांनी संगणकाच्या सेटिंग्जमध्ये कधी डोकावून पाहिलेले नाही, त्यांनाही स्वतःच्या हाताने तपासता यावे, या हेतूने पुढील पायऱ्या लिहिल्या आहेत. त्या विंडोज १० आणि विंडोज ११ असलेल्या डेस्कटॉपसाठी आहेत. लिनक्स वापरणाऱ्यांसाठी थोडेसे शेवटाकडे आहे.

पहिले काम : काहीही न बदलता पाहणे

संगणकाला हात लावण्याआधी एक वही जवळ घ्यावी. ‘बंद पडते’ या शब्दाचे तीन वेगळे अर्थ आहेत आणि आपल्याकडे त्यांतला कोणता प्रकार घडतो आहे, हे आधी वहीत लिहावे. अ‍ॅपची खिडकी पडद्यावरून अचानक नाहीशी होत असेल, तर तो खरा क्रॅश होय. खिडकी तशीच राहून चित्र गोठले, क्लिक केल्यास काहीच होईना आणि वरच्या पट्टीवर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ असे उमटले, तर अ‍ॅप हँग झाले आहे. म्हणजे ते कशाची तरी वाट पाहत अडकले आहे, आणि वेबकॅमच्या बाबतीत ते बहुधा कॅमेऱ्याकडून येणाऱ्या चित्राचीच वाट पाहत असते. खिडकी चालू आहे, बटणे दाबली जात आहेत, पण चित्राच्या जागी काळा चौकोन आहे, असे असेल तर अ‍ॅप धडधाकट आहे, फक्त त्याला चित्र मिळत नाही. अशा वेळी कॅमेऱ्याच्या काचेवरचे सरकते झाकण उघडे आहे ना, एवढे पाहून घ्यावे.

यानंतरची नोंद सर्वांत महत्त्वाची आहे: अ‍ॅप नेमके कोणत्या क्षणी बंद पडते? आयकॉनवर दोनदा क्लिक करताच, कॅमेऱ्याचा दिवा लागण्याच्या क्षणी, चित्र येऊन पाच-दहा मिनिटे झाल्यावर, की रेकॉर्डिंगचे बटण दाबल्यावर? हा क्षण ज्याने नीट पाहिला, त्याचे निम्मे काम तिथेच झाले, असे मी अनुभवाने सांगतो, कारण प्रत्येक क्षणाला संगणकाचा वेगळा भाग कामाला लागलेला असतो आणि दोष त्याच भागात दडलेला असतो. म्हणून अ‍ॅप तीनदा सुरू करून तिन्ही वेळा घड्याळ पाहावे आणि वेळ लिहावी. बंद पडण्याच्या आधी स्पीकरमधून यूएसबीची वस्तू काढल्यावर येतो तसा ‘टु-डुंग’ आवाज आला का, हेही लिहावे. हा आवाज आला असेल, तर अ‍ॅपच्या आधी कॅमेऱ्याचा संगणकाशी संबंध तुटला आहे आणि अ‍ॅप विस्कटून शोधण्यात वेळ घालवण्याचे कारण नाही.

वहीचा दुसरा उपयोग पुढे होतो. एका वेळी एकच बदल करावा, त्यानंतर अ‍ॅप पुन्हा चालवून पाहावे, आणि बदलाने फरक पडला नाही तर तो मागे घेऊन मगच पुढचा बदल करावा. घाईघाईने एकाच बैठकीत केबल बदलली, ड्रायव्हर (जोडलेली वस्तू चालवणारे छोटे सॉफ्टवेअर) काढला आणि अ‍ॅपही नव्याने टाकले, तर दोष गेला तरी तो कशामुळे गेला हे कळत नाही, आणि आठ दिवसांनी तो परत आला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

दोष कॅमेऱ्यात, वाटेत की अ‍ॅपमध्ये?

कॅमेऱ्यातून निघालेले चित्र केबल, पोर्ट आणि ड्रायव्हर या वाटेने अ‍ॅपपर्यंत पोचते. कॅमेरा, ही वाट आणि अ‍ॅप या तीन जागांपैकी दोषाची जागा कोणती, हे दोन सोप्या चाचण्यांनी कळते.

पहिली चाचणी दुसऱ्या अ‍ॅपची. विंडोजमध्ये ‘कॅमेरा’ नावाचे अ‍ॅप मुळातच असते. स्टार्टमध्ये शोधून ते उघडावे आणि आपले अ‍ॅप जितका वेळ टिकते त्याच्या दुप्पट वेळ ते चालू ठेवावे. ते टिकले, तर कॅमेरा आणि वाट बहुतांशी ठीक आहेत आणि संशय आपल्या अ‍ॅपवर जातो. तेही बंद पडले, तर अ‍ॅप बाजूला ठेवून वाटेकडे वळावे. त्याने एखादा त्रुटी-क्रमांक दाखवला, तर त्याचे शेवटचे चार अंक पाहावेत: शेवटी ४२४४ असेल तर संगणकाला कॅमेरा सापडतच नाही, आणि ४२४३ असेल तर कॅमेरा दुसऱ्या एखाद्या अ‍ॅपने धरून ठेवला आहे.

दुसरी चाचणी अदलाबदलीची. आपला वेबकॅम शेजाऱ्यांच्या संगणकाला जोडून पाहावा आणि जमल्यास त्यांचा आपल्याकडे. शेजारधर्माने होणारी ही दहा मिनिटांची चाचणी बर्डीच्या एका फेरीपेक्षा अधिक काही सांगून जाते.

अ‍ॅप उघडताच बंद पडत असेल

कॅमेऱ्याचा दिवा लागण्याआधीच अ‍ॅप जात असेल, तर वेबकॅमची केबल काढून टाकावी आणि अ‍ॅप पुन्हा उघडावे. कॅमेरा जोडलेला नसतानाही ते बंद पडले, तर कॅमेरा निर्दोष आहे, हे निश्चित समजावे. इतकी साधी चाचणी असूनही ती कोणी करीत नाही, याचे मला नेहमी वाईट वाटते.

अशा वेळी कारणे साधारणतः तीन असतात. पहिले म्हणजे अ‍ॅपने जपून ठेवलेली स्वतःची सेटिंग्ज बिघडणे. वीज गेल्यामुळे संगणक मधेच बंद झाला असेल, तर असे हमखास घडू शकते, कारण लिहिली जात असलेली फाइल अर्धवट राहते. विंडोजच्या कॅमेरा अ‍ॅपसाठी सेटिंग्जमधील अ‍ॅप्सच्या यादीत जाऊन ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये आधी ‘रिपेअर’ आणि त्याने काम झाले नाही तर ‘रिसेट’ करावे. बाहेरून टाकलेल्या अ‍ॅपच्या बाबतीत त्याचे सेटिंग्जचे फोल्डर बहुधा ‘अ‍ॅपडेटा’ या लपलेल्या फोल्डरमध्ये असते. ते पुसून न टाकता त्याच्या नावापुढे ‘जुने’ असा शब्द जोडावा. अ‍ॅप नवे कोरे फोल्डर तयार करते, आणि उपयोग झाला नाही तर जुने नाव परत देता येते.

दुसरे कारण म्हणजे व्हिज्युअल सी प्लस प्लसचा रनटाइम जुना किंवा अपुरा असणे. अनेक अ‍ॅप्स या मायक्रोसॉफ्टच्या सामायिक फाइलींवर उभी असतात. २०१५ ते २०२२ या आवृत्त्यांसाठी एकच संच असून तो मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावर मोफत मिळतो. ३२ बिट आणि ६४ बिट असे त्याचे दोन भाग दोन्ही टाकून घ्यावेत. पडद्यावर एखाद्या डीएलएल फाइलचे नाव आले म्हणून ती सुटी फाइल कुठल्यातरी अनोळखी संकेतस्थळावरून उतरवून घेऊ नये. त्यातून दोष जाण्यापेक्षा व्हायरस येण्याचाच धोका अधिक असतो.

तिसरे कारण सहसा लक्षात येत नाही. काही अ‍ॅप्स उघडताच संगणकावरच्या सर्व कॅमेऱ्यांची यादी तयार करतात आणि त्या यादीत खऱ्या कॅमेऱ्यांबरोबर आभासी कॅमेरेही येतात. चेहऱ्यावर चष्मा-टोपी चढवणारी, पार्श्वभूमी बदलणारी अ‍ॅप्स असे आभासी कॅमेरे मागे ठेवून जातात. स्नॅप कॅमेरा हे अशांपैकी एक लोकप्रिय अ‍ॅप २५ जानेवारी २०२३ रोजी कंपनीनेच बंद केले, तरी ज्यांनी ते काढून टाकले नाही त्यांच्या संगणकावर ते अजून पडून असेल. अशी वापरात नसलेली अ‍ॅप्स रीतसर अनइन्स्टॉल करून संगणक रिस्टार्ट करावा.

चित्र येण्याच्या क्षणी बंद पडत असेल

येथे सर्वप्रथम परवानगी पाहावी. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, मग ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, मग ‘कॅमेरा’ असे जावे. विंडोज १० मध्ये सेटिंग्जमधील ‘प्रायव्हसी’खाली तेच मिळते. त्या पानावर सर्वांत वर संपूर्ण संगणकासाठी एक बटण, त्याखाली अ‍ॅप्ससाठी दुसरे आणि बरेच खाली डेस्कटॉप अ‍ॅप्ससाठी तिसरे बटण असते. हे तिसरे बटण पान खाली सरकवल्याशिवाय दिसत नाही, त्यामुळे ते बंद राहिलेले अनेकदा आढळते. नीट लिहिलेले अ‍ॅप परवानगी नसल्यास तसा संदेश दाखवते. निष्काळजीपणे लिहिलेले अ‍ॅप सरळ कोसळते. काही अँटिव्हायरसमध्येही वेबकॅमसाठी वेगळे संरक्षण असते, तेव्हा त्याच्या यादीत आपले अ‍ॅप अडवलेले नाही ना, हे पाहावे.

नंतर कॅमेरा दुसऱ्या कोणी धरला आहे का, ते पाहावे. मीटिंगची काही अ‍ॅप्स फुलीवर क्लिक केल्यावर बंद न होता घड्याळाजवळच्या कोपऱ्यात जागी राहतात. आपण अ‍ॅप उघडण्याआधीच कॅमेऱ्याचा दिवा लागलेला असेल, तर हेच कारण समजावे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि मीटिंगची अ‍ॅप्स तिथून बंद करावीत. ब्राउझरचा एखादा टॅबही कॅमेरा अडवून ठेवू शकतो.

परवानगी आहे, कॅमेरा मोकळा आहे, तरीही चित्र उमटताच अ‍ॅप कोसळते, असे असेल तर चित्राचा आकार कमी करून पाहावा. यामागचे गणित समजून घेण्यासारखे आहे. ६४० गुणिले ४८० ठिपक्यांचे (पिक्सेलचे) न दाबलेले, म्हणजे कॉम्प्रेस न केलेले चित्र घेतले, तर प्रत्येक ठिपक्याला २ बाइट लागतात, आणि सेकंदाला ३० चित्रे पाठवायची म्हणजे दर सेकंदाला १ कोटी ८४ लाख बाइट केबलमधून जातात. यूएसबी २.० चा वेग ४८० मेगाबिट सांगितला जात असला, तरी वेबकॅम ज्या पद्धतीने सलग चित्र पाठवतात त्या पद्धतीत एका कॅमेऱ्याला सेकंदाला जास्तीत जास्त सुमारे २ कोटी ४५ लाख बाइट एवढीच वाट मिळते. म्हणजे ६४० गुणिले ४८० चे चित्र जेमतेम मावते. १२८० गुणिले ७२० च्या चित्राला मात्र ५ कोटी ५२ लाख बाइट लागतात आणि ते मावत नाही. म्हणूनच न दाबलेले ७२० चे चित्र अनेक कॅमेरे सेकंदाला १० च देतात. मोठी चित्रे वेगाने द्यायची तर कॅमेऱ्याला ती स्वतःच्या आत एमजेपीजीसारख्या पद्धतीने दाबून पाठवावी लागतात आणि संगणकावर अ‍ॅपला ती उलगडावी लागतात. या दाबण्या-उलगडण्यात कुठे गफलत झाली की अ‍ॅप कोसळते. म्हणून अ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये ६४० गुणिले ४८० निवडून पाहावे, आणि ते टिकले तर एकेक पायरी वर चढावे. एकाच यूएसबी हबवर दोन वेबकॅम जोडले असतील तर वाट दोघांत वाटली जाते, तेव्हा त्यातला एक काढून पाहावा.

याच क्षणी ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हरही कामाला लागतो. अ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये ‘हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन’ असा पर्याय असल्यास तो बंद करावा. त्याने अ‍ॅप टिकले, तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर संगणकाच्या किंवा कार्डाच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून नवा टाकून घ्यावा.

काही मिनिटे चालून बंद पडत असेल

हा प्रकार सर्वांत त्रासदायक आहे, कारण चाचणीच्या दोन मिनिटांत सारे काही सुरळीत दिसते. येथे केबल, वीज, उष्णता आणि मेमरी या चार गोष्टी तपासायच्या असतात, आणि माझ्या अनुभवात केबलचा क्रमांक बराच वरचा आहे.

एका उन्हाळ्यात महालातल्या जुन्या वाड्यात राहणाऱ्या संगीत शिक्षिकेकडे मी गेलो होतो. त्या म्हणाल्या, ‘‘भाऊ, सकाळचा क्लास बरोबर होते, दुपारचाच मधात बंद पडते.’’ संगणकाचे टेबल खिडकीला लागून होते आणि खिडकीत कूलर बसवलेला होता. बाहेर पारा ४५ अंशांच्या पुढे गेलेला, त्यामुळे माझा पहिला संशय उष्णतेवर गेला आणि दुसरा विजेवर, कारण कूलर आणि संगणक एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर होते. आधी कूलरची पिन दुसऱ्या खोलीतल्या सॉकेटमध्ये लावली. अ‍ॅप तरीही सातव्या मिनिटाला बंद पडले. मग वेबकॅम समोरच्या पोर्टमधून काढून मागच्या पोर्टमध्ये लावला. त्यानेही फरक पडला नाही. तेव्हा लक्ष केबलकडे गेले. कॅमेऱ्याची मूळ वायर अपुरी पडते म्हणून तिला तीन मीटरची एक स्वस्त जोडवायर लावलेली होती आणि दोन्हींचा जोड खिडकीच्या चौकटीवर टेकलेला होता. तो जोड मी अंगठा आणि बोट यांच्यामध्ये धरला, तर कूलरच्या मोटारीची थरथर बोटांना स्पष्ट जाणवली. किंचित दाबताच ‘टु-डुंग’ आवाज आला आणि चित्र गेले. सकाळी कूलर बंद असे, म्हणून सकाळचा वर्ग नीट होई. जोडवायर काढून सीपीयू टेबलाच्या दुसऱ्या बाजूला ठेवला आणि वेबकॅम थेट जोडला, त्यानंतर दुपारचे वर्गही पूर्ण होऊ लागले. एकेक बदल केला नसता, तर मी कूलरची पिन बदलून आणि एक नवा बोर्ड विकत घ्यायला सांगून परत आलो असतो.

तेव्हा जोडवायर असेल तर ती प्रथम काढावी. यूएसबी २.० ची केबल जास्तीत जास्त ५ मीटरपर्यंतच धरली जाते आणि मधे जोड आला की ही मर्यादाही भरवशाची राहत नाही. वेबकॅम सीपीयूच्या मागच्या पोर्टमध्ये लावावा. मागचे पोर्ट थेट मदरबोर्डवर असतात, तर समोरचे आतल्या एका बारीक वायरने जोडलेले असतात आणि ती सैल असू शकते. वेगळी वीज न घेणाऱ्या हबवर वेबकॅम लावू नये. यूएसबी २.० च्या एका पोर्टमधून जास्तीत जास्त ५०० मिलिअँपिअर वीज मिळते आणि असा हब ती सर्व जोडलेल्या वस्तूंत वाटतो.

पोर्टची वीज विंडोज स्वतःही बंद करू शकते. स्टार्टमध्ये शोधून डिव्हाइस मॅनेजर उघडावा. त्यात ‘युनिव्हर्सल सीरियल बस कंट्रोलर्स’खाली ‘यूएसबी रूट हब’ अशा नोंदी असतात. प्रत्येकीच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘पॉवर मॅनेजमेंट’ या पानावर वीज वाचवण्यासाठी ही वस्तू बंद करण्याची मुभा संगणकाला देणारी एक खूण असते, ती काढावी. त्याचबरोबर कंट्रोल पॅनेलमधील ‘पॉवर ऑप्शन्स’मध्ये ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ असल्यास बंद करावे. वर्गात थोडा वेळ चित्र थांबवले आणि पुन्हा सुरू करताना अ‍ॅप कोसळले, अशी तक्रार असेल तर ही पायरी आधी करावी.

उष्णतेबद्दल नागपुरात लगेच बोलले जाते, आणि नवतपाच्या, म्हणजे मे अखेरीच्या कडक उन्हाच्या दिवसांत ते स्वाभाविकही आहे. परंतु उष्णतेने सहसा एकटे अ‍ॅप बंद पडत नाही. प्रोसेसर तापला की संपूर्ण संगणक संथ होतो आणि फारच तापला तर संगणकच बंद होतो. सारे काही जोरात चालले आहे आणि फक्त वेबकॅमचे अ‍ॅप जाते, असे असेल तर उष्णतेला दोष देऊ नये. सीपीयूतली धूळ मात्र उन्हाळ्यापूर्वी काढून घ्यावी, ती तशीही काढायलाच हवी.

मेमरीची तपासणी टास्क मॅनेजरमध्ये होते. अ‍ॅप सुरू करून त्याच्या नावासमोरचा मेमरीचा आकडा दर पाच मिनिटांनी वहीत लिहावा. आकडा थोडा वर-खाली होत असेल तर ठीक आहे. तो सारखा वाढतच जात असेल, तर अ‍ॅप घेतलेली मेमरी परत करीत नाही. ३२ बिटचे अ‍ॅप साधारणपणे २ जीबीपर्यंतच मेमरी वापरू शकते, आणि त्या सुमारास ते कोसळते. हा दोष अ‍ॅप लिहिणाऱ्यांचा आहे. आपल्या हाती त्याची नवी आवृत्ती घेणे, ६४ बिटची आवृत्ती मिळत असल्यास ती घेणे, अथवा दुसरे अ‍ॅप निवडणे एवढेच उरते.

रेकॉर्डिंगच्या वेळी बंद पडत असेल

चित्र तासन्तास दिसते, पण रेकॉर्डिंग सुरू करताच किंवा थांबवताना अ‍ॅप जाते, तर फाइल कुठे साठवली जाते ते पाहावे. विंडोज सिक्युरिटीमधील ‘कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस’ चालू असेल, तर अनोळखी अ‍ॅपला पिक्चर्स आणि व्हिडिओज या फोल्डरांत लिहू दिले जात नाही. सी ड्राइव्ह भरलेली असेल तरीही हेच होते. रेकॉर्डिंग पेन ड्राइव्हवर होत असेल आणि ते दरवेळी जवळपास त्याच मिनिटाला तुटत असेल, तर पेन ड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला आहे का, हे पाहावे. त्या पद्धतीत एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होऊ शकत नाही. सेकंदाला ८ मेगाबिट दराने रेकॉर्डिंग केल्यास ही मर्यादा सुमारे १ तास ११ मिनिटांत गाठली जाते. रेकॉर्डिंग संगणकाच्या ड्राइव्हवर करून नंतर पेन ड्राइव्हवर उतरवणे हाच सोपा मार्ग आहे.

संगणकाने स्वतः ठेवलेली नोंद

विंडोज प्रत्येक क्रॅशची नोंद ठेवते. स्टार्टमध्ये इंग्रजी अक्षरांत ‘रिलायबिलिटी’ असे टाइप केल्यास ‘व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी’ मिळते. तिथे दिवसांचे स्तंभ असतात आणि ज्या दिवशी अ‍ॅप कोसळले त्या दिवशी लाल फुली दिसते. तिच्यावर क्लिक करून खालच्या यादीत आपल्या अ‍ॅपचे तपशील उघडावेत आणि ‘फॉल्ट मॉड्यूल नेम’ या शब्दांसमोरचे नाव वहीत उतरवून घ्यावे. तिथे अ‍ॅपचेच नाव असेल, तर अ‍ॅप नव्याने टाकावे. नाव ‘एनव्ही’ किंवा ‘आयजीडी’ने सुरू होत असेल, तर अनुक्रमे एनव्हिडिया आणि इंटेल यांच्या ग्राफिक्स ड्रायव्हरकडे पाहावे. ‘एमएसव्हीसीपी’ किंवा ‘व्हीसीरनटाइम’ असेल, तर वर सांगितलेला रनटाइमचा संच टाकावा. ‘एनटीडीएलएल’ किंवा ‘कर्नलबेस’ असे असेल, तर त्यावरून काही ठरवू नये. अनेक प्रकारच्या चुका शेवटी या दोन ठिकाणी येऊन उघड होतात, त्यामुळे विंडोजच बिघडली, असे समजून ती नव्याने टाकण्याची घाई करणे चुकीचे आहे.

कालपर्यंत नीट चालणारे अ‍ॅप आज बंद पडू लागले असेल, तर याच पानावर त्या दिवशी कोणते अपडेट आले तेही दिसते. ऑगस्ट २०१६ मध्ये आलेल्या विंडोज १० च्या अ‍ॅनिव्हर्सरी अपडेटने कॅमेऱ्याचे चित्र अ‍ॅप्सना देण्याची पद्धत बदलली, त्यामुळे दाबलेली चित्रे थेट मागणाऱ्या अनेक अ‍ॅप्समध्ये चित्र गोठू लागले आणि मायक्रोसॉफ्टला नंतर दुरुस्ती द्यावी लागली. म्हणून तारखा जुळतात का, हे पाहणे वाया जात नाही. विंडोज १० चे सर्वसाधारण अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले, हेही ती वापरणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

ड्रायव्हर : शेवटी, पण सावकाश

यूएसबी कॅमेऱ्यांसाठी २००३ मध्ये ठरलेल्या यूव्हीसी या मानकामुळे आजचे बहुतेक वेबकॅम विंडोजच्या स्वतःच्या ड्रायव्हरवर चालतात आणि वेगळी सीडी लागत नाही. बिघाड झाला की या सर्वसाधारण ड्रायव्हरकडे परत जाणे हाच उत्तम उपाय आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘कॅमेराज’ किंवा ‘इमेजिंग डिव्हाइसेस’खाली आपला कॅमेरा शोधून ‘अपडेट ड्रायव्हर’ निवडावे, आपोआप शोधण्याऐवजी आपल्या संगणकावरून निवडण्याचा पर्याय घ्यावा, आणि उपलब्ध ड्रायव्हरांच्या यादीतून ‘यूएसबी व्हिडिओ डिव्हाइस’ निवडावे. त्याच ठिकाणी कॅमेऱ्याच्या नावावर पिवळा त्रिकोण असेल, तर प्रॉपर्टीजमध्ये कोड क्रमांक मिळतो: २८ म्हणजे ड्रायव्हरच नाही, १० म्हणजे वस्तू सुरू होत नाही, आणि ४३ म्हणजे वस्तूने दोष कळवल्यामुळे विंडोजने ती थांबवली. ४३ हा क्रमांक दुसऱ्या संगणकावरही आला, तर मात्र कॅमेरा किंवा त्याची केबल खरोखरच गेली आहे.

ड्रायव्हर आपोआप शोधून देणारी सुटी सॉफ्टवेअर घेऊ नयेत. इंटरनेटवर शोधून सापडलेल्या ‘कस्टमर केअर’ क्रमांकावर फोन करून कोणाला आपल्या पडद्याचा ताबा तर कधीच देऊ नये. मदतीच्या नावाखाली बँक खाती रिकामी करणाऱ्यांची ही ठरलेली रीत आहे. असे घडलेच, तर एकही तास न दवडता १९३० या सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय मदत क्रमांकावर कळवावे.

लिनक्सवर यूव्हीसीचा ड्रायव्हर २००८ पासून कर्नलमध्येच आहे. तिथे अ‍ॅप आयकॉनवरून न उघडता टर्मिनलमधून चालवावे, म्हणजे कोसळण्याआधीच्या शेवटच्या ओळी वाचायला मिळतात. कॅमेरा वारंवार तुटत असेल तर ‘डीमेसग’ या आज्ञेच्या उत्तरात ‘डिस्कनेक्ट’ हा शब्द वेळेसह सापडतो.

एवढे करूनही दोष कॅमेऱ्यातच आहे असे ठरले, तर बर्डीवर जाताना जुना वेबकॅम, त्याचे बिल आणि ही वही सोबत न्यावी. वॉरंटीची मुदत उरली असल्यास दुकानदाराला वहीतल्या वेळा दाखवाव्यात आणि त्यांच्याच संगणकावर, जोडवायरीशिवाय, आपल्याकडे अ‍ॅप जितकी मिनिटे टिकत होते त्याहून अधिक वेळ कॅमेरा चालवून दाखवण्याची विनंती करावी. नवा घेतानाही चाचणी तितकाच वेळ करून घ्यावी आणि खोक्यावरचा १०८० चा आकडा सेन्सरचा खरा आहे की चित्र ताणून मोठे केलेले आहे, हे विचारून घ्यावे.